पाच रेघांचे कोडे

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे एक गाव आहे. घरटी एक तरी माणूस सैन्यात, अशी या गावाची ख्याती. म्हणून त्याला 'अपशिंगे मिलिटरी' असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान कामी आले. त्यांचे स्मारक आजही तेथे उभे आहे. त्या काळी सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच येत. 1949 साली हे तालुके आणि आसपासच्या संस्थानांचा मुलूख मिळून 'दक्षिण सातारा' हा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा सांगलीकर वाचकांनो, ही परंपरा तुमचीही आहे बरे का!

पलटणीत गेलेला हा जवान परक्या मुलखातही अगदी एकटा नसे. मराठा पलटणींतील कंपन्या एकाच मुलखातल्या माणसांच्या असत. शेजारच्या खंदकात कधी आपल्याच तालुक्यातला, कधी आपल्याच गावचा सोबती सापडे. कोणी पडला तर "हा अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा" असे सांगणारे कोणीतरी असण्याची आशा होती. मेलेल्या माणसाला आपले नाव सांगता येत नाही. ते दुसऱ्याच कोणाला तरी ठाऊक असावे लागते.

आता त्याच युद्धातल्या एका वेगळ्या तरुणाकडे वळू. हा जमिनीवर नव्हे, आकाशात लढला. त्याच्या विमानात बसायला जागा एकच होती.

श्रीकृष्ण वेलिणकर हा मुंबईचा. शिकायला इंग्लंडात, केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेला आणि महायुद्धात 'रॉयल फ्लाइंग कोअर'मध्ये वैमानिक झाला. 1 एप्रिल 1918 रोजी हे दल नव्या 'रॉयल एअर फोर्स'मध्ये विलीन झाले. आपले भारतीय हवाई दल स्थापन व्हायला अजून 14 वर्षे होती. हिंदी माणसाला लढाऊ वैमानिकाचे अधिकारपद देण्याची ब्रिटिशांची मुळीच तयारी नव्हती. हरदित सिंग मलिक या शीख तरुणाला आधी फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवावी लागली. ऑक्सफर्डमधल्या त्याच्या गुरूंनी थेट एका जनरलला पत्र लिहिले, तेव्हा कुठे 1917 साली त्याला प्रवेश मिळाला. मलिक, वेलिणकर, इंद्रलाल रॉय आणि एरॉल सेन अशा चार हिंदी तरुणांनी त्या युद्धात लढाऊ विमाने चालवली.

वेलिणकर 23 व्या स्क्वाड्रनमध्ये होता. त्याच्या विमानाचे नाव होते सॉपविथ डॉल्फिन. हे विमान मोठे विचित्र दिसे. त्या काळच्या विमानांना पंखांच्या दोन जोड्या असत, एक वर आणि एक खाली. वरची जोडी बहुधा थोडी पुढे असे. डॉल्फिनमध्ये ती उलट मागे सरकवलेली होती. शिवाय वरच्या पंखाच्या मध्यभागी नुसता नळ्यांचा उघडा सांगाडा ठेवला होता आणि त्यातून वैमानिकाचे डोके बाहेर निघे. का बरे असे केले असेल? शत्रू वरून, सूर्याच्या आडून झडप घालतो. पंख डोक्यावर असला तर तो दिसणार कसा? डॉल्फिनच्या वैमानिकाला वरचे सारे आकाश मोकळे दिसे. पण त्याची दुसरी बाजूही पाहा. उतरताना विमान उलटे झाले तर आधी जमिनीला लागणार ते वैमानिकाचे डोके!

या विमानाचे इंजिन सुमारे 200 अश्वशक्तीचे होते आणि ते सहा हजार मीटरपर्यंत, म्हणजे महाबळेश्वरच्या चौपटीहून अधिक उंच चढू शके. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी होतो आणि तापमान शून्याच्या खाली वीस अंशांहून अधिक उतरते. वैमानिक बसे उघड्यावर. त्याच्याजवळ हवाई छत्रीसुद्धा नसे. छत्र्या तेव्हा निघालेल्या नव्हत्या असे नाही. दोराने बांधलेल्या फुग्यांतून टेहळणी करणाऱ्यांना त्या दिल्या जात. परंतु विमानाच्या चिंचोळ्या बैठकीत ते बोजड गाठोडे मावत नाही, वजन वाढते, अशी कारणे सांगितली जात. जर्मन वैमानिक 1918 साली छत्र्या वापरू लागले. ब्रिटिश वैमानिकांना त्या युद्ध संपेपर्यंत मिळाल्या नाहीत. मला विचाराल तर ही सबब पटण्यासारखी नाही.

आणखी एक शत्रू होता. तो म्हणजे वारा. फ्रान्समधील त्या भागात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. ब्रिटिशांचे तळ पश्चिमेला होते आणि जर्मनांची आघाडी पूर्वेला. एक सोपे गणित करून पाहा. समजा, विमानाचा वेग ताशी 190 किलोमीटर आणि वाऱ्याचा 50 आहे. शत्रूच्या हद्दीत 30 किलोमीटर आत जाताना वारा पाठीशी असतो. वेग 240 पडतो आणि साडेसात मिनिटांत तुम्ही पोहोचता. परतताना तोच वारा तोंडावर. वेग उरतो 140 आणि तेवढ्याच अंतराला जवळजवळ 13 मिनिटे लागतात. शिवाय झुंज चालू असताना वारा तुम्हाला शत्रूच्या मुलखात आणखी आत ढकलतच असतो. त्यात इंजिनाला गोळी लागली, तर विमान पडणार ते बहुधा जर्मनांच्या हद्दीत. सोबत्यांच्या नजरेआड आणि अनोळखी माणसांत.

27 जून 1918 रोजी वेलिणकर गस्तीवर गेला तो परतलाच नाही. स्क्वाड्रनच्या नोंदीत त्याच्या नावापुढे 'बेपत्ता' असा शब्द पडला. त्याचे वय होते 23.

बेपत्ता हा शब्द घरच्यांना मृत्यूपेक्षाही जड जातो, कारण त्यात आशा असते. जिनीव्हाला रेडक्रॉसने युद्धकैद्यांची माहिती जमवण्याचे एक मोठे कार्यालय उघडले होते. दोन्ही बाजूंकडून याद्या येत आणि त्यांवरून हाताने कार्डे लिहिली जात. अशी सुमारे 70 लाख कार्डे तेथे तयार झाली! संगणक नव्हता. एका कारकुनाने लिहिलेले नाव दुसरा वाचणार आणि आपल्या हाताने पुन्हा उतरवणार. वर्गात एकाच्या वहीवरून दुसऱ्याने, दुसऱ्याच्या वहीवरून तिसऱ्याने धडा उतरवला की काय होते, ते तुम्हाला सांगायला नकोच.

11 नोव्हेंबर 1918 रोजी युद्ध थांबले. वर्ष गेले, दुसरे गेले, तरी वेलिणकरचा पत्ता नव्हता. कुटुंबाचे एक स्नेही कर्नल बार्टन यांनी मात्र चौकशी सोडली नाही. युद्धात पडलेल्यांच्या थडग्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाकडे ते कुटुंबाच्या वतीने पत्रे लिहीत राहिले. अखेर 1921 साली एका जर्मन नोंदीने कोडे सुटले. जर्मनांनी पुरलेल्या एका अधिकाऱ्याचे नाव होते 'ओबरलॉयटनंट एस. सी. वुमकार'.

वुमकार! असे नाव तुम्ही कधी ऐकले आहे? इंग्रजांत नाही, जर्मनांत नाही आणि आपल्याकडेही नाही. मग हा वुमकार म्हणजेच वेलिणकर कशावरून? आयोगाच्या अधिकाऱ्यांनी नेमका कसा विचार केला असेल तो असो, आपण आपल्या परीने पडताळा घेऊ. वही-पेन्सिल घ्या.

प्रथम हुद्दा. 'ओबरलॉयटनंट' म्हणजे जर्मन सैन्यातला लेफ्टनंट. जर्मनांनी त्याचा हुद्दा आपल्या भाषेत फिरवून लिहिला. वेलिणकर लेफ्टनंटच होता. हे जुळले.

मग आद्याक्षरे. सैन्याच्या कागदांत त्याचे नाव 'श्री कृष्ण चंदा वेलिणकर' असे तोडून लिहिलेले आढळते. परंतु आपण श्रीकृष्ण हे एकच नाव मानतो. तसे धरले तर इंग्रजी आद्याक्षरे होतात एस. आणि सी. हेही जुळले.

आता आडनाव. ते इंग्रजीत, सलग वळणाच्या हस्ताक्षरात लिहा. सुरुवातीचा डब्ल्यू आणि शेवटचे के, ए, आर ही अक्षरे 'वुमकार'मध्येही जशीच्या तशी आहेत. घोटाळा आहे तो मधल्या ई, एल, आय, एन या चार अक्षरांत. घाईत लिहिताना ई ची एक रेघ, एल ची एक, आय ची एक आणि एन च्या दोन. एकूण किती झाल्या? पाच. आता 'वुमकार'मधली मधली दोन अक्षरे पाहा. यू च्या दोन रेघा आणि एम च्या तीन. त्याही पाच! आय वरचा टिंब राहून गेला, ई चा फासा मिटला आणि एल ची उंच रेघ पुसट झाली की 'एलिन'चा 'उम' व्हायला कितीसा वेळ? रेघा तेवढ्याच राहिल्या, फक्त त्यांची वाटणी बदलली. हे कोडे मी असे सोडवतो. तुम्हाला दुसरी उकल सुचली तर जरूर करून पाहा. मात्र एखाद्या मित्राला आधी काही न सांगता तुमचे घाईचे अक्षर वाचायला द्या.

एकेक पुरावा सुटा घेतला तर दुबळा आहे. लेफ्टनंट हजारो होते आणि एस. सी. ही आद्याक्षरे कोणाचीही असतील. पण तिन्ही गोष्टी एकाच माणसाशी जुळल्या की शंका फार थोडी उरते. जखमी होऊन तो जर्मनांच्या हाती लागला होता आणि तीन दिवसांनी, 30 जूनला, त्यांच्या कैदेतच वारला होता. तीन दिवस तो जिवंत होता. त्याचे नाव जर्मनांच्या कागदावर चढले ते त्यानेच सांगितले म्हणून की त्याच्या खिशातल्या एखाद्या कागदावरून, कोण जाणे.

बाकीच्या तिघांचे काय झाले? सेन 1917 साली कैदी झाला आणि पुढे सुटला. इंद्रलाल रॉयने 1918 च्या जुलैत अवघ्या तेरा-चौदा दिवसांत दहा विमाने पाडली आणि 22 जुलैला तो स्वतः पडला. त्याचे वय होते 19. मलिक पायात गोळ्या घेऊन वाचले आणि त्या गोळ्या जन्मभर बाळगून 1985 पर्यंत जगले. स्वतंत्र भारताने त्यांना राजदूत म्हणून धाडले ते नेमके फ्रान्सला, ज्या देशाच्या मातीत त्यांच्या चौघांपैकी दोघे विसावले होते.

वेलिणकरची कबर उत्तर फ्रान्समधील हांगार या खेड्यातल्या छोट्या दफनभूमीत आहे. साम्राज्याच्या शूर पुत्रांत त्याची गणना करणारी एक ओळ घरच्यांनी त्या शिळेवर कोरवून घेतली. साम्राज्य गेले. शिळा आहे आणि तिच्यावरचे आडनाव आता बरोबर आहे, सगळ्या रेघांसकट.