फ्लॉक कापडावरची रंगीत नक्षी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

साध्या कापडाला गोंदाचा थर देऊन त्यावर अतिशय आखूड तंतू उभे रोवले की फ्लॉक कापड तयार होते. हे तंतू साधारण अर्धा ते तीन मिलिमीटर लांबीचे असतात. ते दाट उभे राहिले की मखमलीसारखी लव दिसते. सोफ्याचे कापड, पडदे, टी-शर्टवरची मऊ अक्षरे आणि दागिन्यांच्या डबीचे अस्तर यांत फ्लॉक सर्रास वापरतात. बुलढाणा जिल्ह्यातले खामगाव चांदीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या पेढीवर दागिना ज्या मऊ अस्तराच्या डबीत मिळतो, ते अस्तरही अनेकदा फ्लॉकचेच असते. हे कापड रोजच्या पाहण्यातले असले, तरी त्यावरच्या रंगाविषयी आणि नक्षीविषयी बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १: फ्लॉक म्हणजे हलक्या प्रतीची मखमल.
वस्तुस्थिती: ही दोन वेगळ्या पद्धतींची कापडे आहेत. मखमलीची लव विणतानाच कापडात गुंफली जाते, तर फ्लॉकची लव नंतर चिकटवली जाते. कडेपासून लव ओढून पाहिली तर फरक कळतो. मखमलीतून दुमडलेल्या सुताचा झुबका निघतो, फ्लॉकमधून सुटे आखूड तंतू निघतात. फ्लॉकची प्रत गोंद, तंतूंची दाटी आणि त्यांचा उभेपणा यांवर ठरते. गोंद चांगला असेल तर हे कापड सोफ्यावरचे रोजचे घर्षणही सोसते.

गैरसमज २: फ्लॉक पूर्णपणे कृत्रिम असते, कापसाशी त्याचा संबंध नाही.
वस्तुस्थिती: नायलॉन, पॉलिएस्टर, व्हिस्कोस आणि कापूस या चारही तंतूंचे फ्लॉक बनते. कापसाचे फ्लॉक गिरणीतला टाकाऊ कापूस दळून करतात. त्यातले तंतू लहानमोठे राहतात, त्यामुळे पृष्ठभाग मखमलीपेक्षा साबराच्या कातड्यासारखा दिसतो. नायलॉन आणि व्हिस्कोसचे तंतू एकसारख्या लांबीचे कापता येतात, म्हणून त्यांची लव सरळ उभी राहते. व्हिस्कोस मुख्यतः लाकडाच्या लगद्यापासून होते, पण सरकीला चिकटून राहणाऱ्या तोकड्या कापसापासूनही ते करता येते.  विदर्भातल्या पूर्णा खोऱ्यासारख्या कापूसपट्ट्यात जिनिंग आणि तेलगिरण्यांमधून निघणारा हा दुय्यम माल फ्लॉकच्या कच्च्या मालाशी थेट जोडलेला आहे.

गैरसमज ३: फ्लॉकवरची नक्षी नेहमी वरून छापलेली असते.
वस्तुस्थिती: नक्षी उमटवण्याच्या मुख्य पद्धती तीन आहेत. पहिल्या पद्धतीत स्क्रीनने केवळ नक्षीपुरता गोंद छापतात आणि त्यावर रंगीत फ्लॉक सोडतात, म्हणजे लव फक्त नक्षीवर येते. खडीकामाच्या चंद्रकळेवर, म्हणजे काळ्या साडीवर, चिकट लेपाच्या ठशावर चमक बसवतात, त्यामागचे तत्त्वही हेच आहे. दुसऱ्या पद्धतीत रंगागणिक गोंद आणि फ्लॉक पुन्हा पुन्हा देऊन बहुरंगी लव उभी करतात. तिसऱ्या पद्धतीत सगळ्या कापडावर पांढरे किंवा फिके फ्लॉक देतात आणि मग त्यावर स्क्रीनने अथवा कागदावरून उष्णतेने रंगीत नक्षी छापतात. खऱ्या अर्थाने फ्लॉकवरची छपाई ती हीच.

गैरसमज ४: छपाईचा कोणताही रंग चालतो.
वस्तुस्थिती: रंग लवेच्या तंतूवरून ठरतो, खालच्या कापडावरून नव्हे. नायलॉनला आम्लरंग लागतात आणि ते वाफेने पक्के होतात. कापूस व व्हिस्कोसला रिअ‍ॅक्टिव्ह रंग, पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग चालतात. पॉलिएस्टरवर कागदावरून छापताना सुमारे २०० अंश सेल्सिअसची उष्णता काही सेकंद द्यावी लागते. पिगमेंट रंग सर्व तंतूंवर बसतो, पण त्याला धरून ठेवणारे बाइंडर शेजारचे तंतू एकमेकांना चिकटवते. मग लव राठ होते आणि फ्लॉकचा मुख्य गुण, म्हणजे मऊपणा, हरवतो.

गैरसमज ५: लवेच्या टोकांना रंग लागला की काम झाले.
वस्तुस्थिती: रंग तंतूच्या मुळापर्यंत उतरला नाही, तर लव दुभंगताच खालचा पांढरा भाग उघडा पडतो. रंगाची पेस्ट घट्ट असेल तर ती टोकांवरच थांबते, पातळ असेल तर बाजूला पसरून नक्षीची कड फुटते. पेस्टचा हा समतोल साधणे हेच छपाईकाराचे कसब. स्क्रीनच्या दाबाने लव आडवी होते, म्हणून शेवटी कापड धुऊन, वाळवून, ब्रशने लव पुन्हा उभी करावी लागते.

गैरसमज ६: विदर्भाची कोरडी हवा या कामाला उत्तम.
वस्तुस्थिती: तंतू उभे रोवण्यासाठी हजारो व्होल्टचे विद्युतक्षेत्र वापरतात. भारित तंतू क्षेत्राच्या दिशेने सरळ होतात आणि वेगाने गोंदात घुसतात. हा भार घेण्यासाठी तंतूवर थोडा ओलावा हवा, म्हणून कामाच्या खोलीत सुमारे ६० टक्के आर्द्रता राखतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव या भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा फार कोरडी होते. अशा हवेत तंतू नीट भार घेत नाहीत. उलट पावसाळ्यात ओलावा वाढला की तंतूंच्या गुठळ्या होतात. म्हणून आर्द्रता नियंत्रित केलेली बंद खोली दोन्ही ऋतूंत आवश्यक ठरते.

गैरसमज ७: धुताना लव झडली म्हणजे रंग कच्चा.
वस्तुस्थिती: पाणी रंगले तर दोष रंगाचा, तंतू झडले तर दोष गोंदाचा. अ‍ॅक्रिलिक गोंद पुरेशा उष्णतेत पक्का केला नाही, तर छपाईनंतरच्या वाफेत किंवा धुण्यात तो ढिला पडतो. पीव्हीसीवर आधारित लेप ड्रायक्लीनिंगच्या द्रावकांनी कडक होऊ शकतो.

गैरसमज ८: या कामात धोका फक्त विजेचा.
वस्तुस्थिती: हवेत उडणारा बारीक तंतूकणांचा धुरळाही तितकाच गंभीर आहे. १९९० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेतल्या नायलॉन फ्लॉक कारखान्यांतील कामगारांमध्ये फुफ्फुसांचा एक विकार आढळला. त्याला ‘फ्लॉक वर्कर्स लंग’ असे नाव मिळाले. कापसाच्या धुळीने सूतगिरणी कामगारांना होणारा बिसिनोसिस त्याआधीपासून ठाऊक होता. शिवाय दाट धुरळा ठिणगीने पेटू शकतो. धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि योग्य मास्क यांवरचा खर्च टाळण्याजोगा नाही.

फ्लॉक कापड घेताना लवेचा तंतू कोणता आणि ते पाण्यात धुवायचे की ड्रायक्लीन करायचे, हे विचारून घ्यावे. पांढऱ्या ओल्या फडक्याने आणि नखाने घासून पाहावे. फडक्याला रंग लागला नाही आणि तंतू सुटले नाहीत, तरच ते कापड घरी न्यावे. इस्त्री मात्र नेहमी उलट्या बाजूनेच करावी.