लिहायला शिकवता येतं का?



"काय मॅडम, आता पुस्तक काढताय काय?" मी बाहेरून एम.ए. मराठीला प्रवेश घेतला आणि कथा लिहायला लागले, तेव्हा स्टाफरूममधला पहिला प्रश्न हा होता. दुसरा जरा अवघड होता. शिवाजी सावंत आपल्या राजाराम प्रशालेत शिक्षक होते, १९६७ साली त्यांची 'मृत्युंजय' आली. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते. या दोघांनी लेखनाचा कुठला कोर्स केला होता?

प्रश्न रास्त आहे. पण आपण कोल्हापूरकर कुस्तीबद्दल असं कधी विचारत नाही. गंगावेस तालमीतला वस्ताद पोराला ताकद देत नाही, डाव दाखवतो आणि पाय कुठं चुकला ते सांगतो. सर्जनशील लेखनाचं पदव्युत्तर शिक्षण साधारण एवढंच करतं.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अशी कार्यशाळा १९३६ साली सुरू झाली. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० साली या विषयाचं एम.ए. सुरू केलं. पुढं २०१७ चं नोबेल मिळालेले काझुओ इशिगुरो तिथलेच विद्यार्थी. तिकडे नोकरदारांसाठी एका वर्षाचा अभ्यास दोन वर्षांत विभागून देतात. पद्धत साधी आहे. आपलं लेखन सगळ्यांना आधी वाचायला द्यायचं. चर्चा सुरू झाली की लिहिणाऱ्याने गप्प बसायचं, खुलासा करायचा नाही. मग घरी जाऊन पुन्हा लिहायचं. शेवटी कथा किंवा कवितांसोबत 'मी हे असं का लिहिलं' यावरही एक निबंध द्यावा लागतो.

आपल्याकडे नोकरी सांभाळून करायचं तर सोयीची वाट म्हणजे दूरशिक्षणातून एम.ए. मराठी. शिवाजी विद्यापीठात ती सोय आहे. एक लक्षात ठेवा, आपलं डी.एड. ही बारावीनंतरची पदविका आहे, तिच्यावर एम.ए.ला प्रवेश मिळत नाही, आधी पदवी लागते. मी बी.ए. मुक्त विद्यापीठातून केलं. आणि एम.ए.मध्ये भर असतो तो साहित्याचा इतिहास, समीक्षा, भाषाविज्ञान यांवर. स्वतः लिहिण्याचा सराव आपला आपणच जमवावा लागतो. म्हणून आम्ही चौघी शिक्षिका महिन्यातून एका रविवारी एकीच्या घरी बसतो. परीक्षा, प्रशिक्षणं, मतदार याद्या यांत दोन-तीन महिने बुडतात, त्याला इलाज नाही.

पहिल्याच बैठकीत मी पुरावरची कथा दिली होती. नियमाप्रमाणे गप्प बसले. एक मैत्रीण म्हणाली, "यातला पूर पेपरात वाचलेला वाटतोय. तू तेव्हा कुठं होतीस?" दुसरीने 'रौद्र रूप', 'हाहाकार', 'काळजाचा ठोका' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. मला राग आला. दोन दिवस कथा उघडलीच नाही.

तिसऱ्या दिवशी चौथीच्या वह्या तपासत होते. विषय 'पावसाळा'. एका मुलाने लिहिलं होतं, पाऊस आला की मोर पिसारा फुलवून नाचू लागतात. आमची शाळा पंचगंगेच्या काठची. गावात मोर नाही. २०२१ च्या पुरात या मुलाच्या घरात पाणी होतं. मागच्या चाचणीत याच वाक्यांना मी दहापैकी नऊ गुण दिले होते. आणि ती वाक्यं फळ्यावर लिहून दिली होती मीच.

त्याला जवळ बोलावून एवढंच विचारलं, "पाणी आलं तेव्हा घरातनं आधी काय उचललं?" तो म्हणाला, "आईनं डाळीचा डबा. मी दप्तर. आजीनं देव."

आता आठवड्यातून एक तास फळ्यावर मुद्दे देत नाही. एक प्रश्न देते, उत्तर डोळ्यांनी बघितलेलं असलं पाहिजे. मुलं जोडीत एकमेकांचं वाचतात आणि जिथं काही दिसलं नाही तिथं फुली मारतात. लिहिणाऱ्याने गप्प राहायचं. (हे मुलांना फार जड जातं. मलाही अजून जातं.) दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा लिहायचं. शुद्धलेखन तिसऱ्या दिवशी.

काही पालक तक्रार घेऊन आले. "मॅडम, गाइडमधला निबंध पाठ असला की मार्क पक्के, हे कशाला?" त्यांचं सगळंच चूक आहे असं मला म्हणता येत नाही, कारण मार्क मीही तसेच देत होते. आता तपासताना स्वतः बघितलेल्या एका तरी गोष्टीला दोन गुण राखून ठेवते, आणि तसं पालकसभेत आधीच सांगून टाकते.

त्या मुलाच्या वहीत नंतर वाक्य आलं, "आजी देव घेऊन ट्रॅक्टरमदे बसली पण म्हस मागं राहिली म्हणून रडली." 'ट्रॅक्टरमदे'चं 'ट्रॅक्टरमध्ये' आम्ही तिसऱ्या दिवशी केलं. 'म्हस' तशीच ठेवली. माझ्या कथेतला 'हाहाकार' मात्र मी काढून टाकला.