आखाजीचे पत्ते आणि रुलेटचे शून्य

आखाजीच्या दिवसांत खानदेशात दोन खेळ रंगतात. माहेरी आलेल्या लेकी झाडाला बांधलेल्या झोक्यावर आणि बापे पत्त्यांवर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे साल संपते, नवे ठरते, हातात थोडा पैसा असतो आणि शेतात काम नसते. म्हणून जळगाव-धुळ्याच्या गावोगावी ओट्यावर, मळ्यात, लिंबाखाली डाव बसतात. 1887 सालचा जुगार प्रतिबंधक कायदा या डावांना सण म्हणून वेगळी सूट देत नाही, त्यामुळे आखाजीच्या सुमारास छापे पडतात आणि ‘झन्ना-मन्ना’ या पत्त्यांच्या जुगाराचे नाव बातम्यांत हमखास झळकते. अलीकडे याच भागातली मंडळी गोव्याला जाऊन मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवरही एक फेरी मारून येतात. जळगावहून गोव्याला 2024पासून विमानसेवाही सुरू झाली. पत्त्यांत मुरलेला माणूस तिथे रुलेटच्या टेबलाशी मात्र बुजतो. पैसे कुणाला द्यायचे, चिप कुठे ठेवायची, जिंकलेले कधी उचलायचे, काही कळत नाही, आणि या गोंधळात तो घाईघाईने नको तेवढे लावून बसतो. त्यासाठी टेबलाची रीत माहीत असावी. पण तिच्याकडे निव्वळ शिष्टाचार म्हणून पाहिले, तर तिचा अर्थ हातातून निसटतो.

गावातल्या डावात माणसे एकमेकांना ओळखतात. कोण पत्ता लपवतो, कोण हरल्यावर आवाज चढवतो, कुणाची उधारी बुडीत धरायची, हे सगळ्यांना ठाऊक असते. भांडण पेटलेच तर एखादा वडीलधारा मध्ये पडतो. रुलेटच्या टेबलाभोवती सात-आठ अनोळखी माणसे एकाच पटावर एकाच वेळी पैसे लावतात आणि तिथे वडीलधारा कुणी नसतो. तिथली प्रत्येक रीत ही उणीव भरून काढण्यासाठी आलेली आहे. नोटा टेबल चालवणाऱ्या डीलरच्या हातात द्यायच्या नसतात, टेबलावर ठेवायच्या असतात. डीलर त्या पसरून मोजतो, म्हणजे किती रुपये आले हे वरच्या कॅमेऱ्याला आणि शेजाऱ्यालाही दिसते. त्या बदल्यात खेळणाऱ्याला एका रंगाच्या चिप्स मिळतात. त्या टेबलावर तो रंग तेव्हा फक्त त्याचा असतो आणि एका चिपची किंमत किती हे घेतानाच ठरते. एकाच आकड्यावर चौघांनी लावले तरी कुणाचे किती यावर वाद होऊ नये, म्हणून ही सोय. पटाच्या टोकाला हात पोचत नसेल तर लोकांच्या चिप्सवरून ओणवे होऊ नये. डीलरला आकडा सांगावा, तो ठेवतो. पट दिसेनासा होईल असा पेला किंवा मोबाइल त्यावर ठेवण्याची चाल नाही, हे ओघानेच आले.

चाकावर चेंडू फिरू लागला तरी काही क्षण लावायला मुभा असते. मग डीलर पटावरून आडवा हात फिरवून ‘नो मोअर बेट्स’ म्हणतो आणि त्या क्षणापासून पट गोठतो. नवी चिप ठेवायची नाही, ठेवलेली सरकवायची नाही. चेंडू खणात पडला की डीलर जिंकलेल्या आकड्यावर एक खूण ठेवतो, हरलेल्या चिप्स ओढून घेतो आणि मग जिंकलेल्यांचे चुकते करतो. ती खूण उचलेपर्यंत कुणीही, जिंकणाऱ्यानेसुद्धा, पटावर हात घालायचा नसतो. नवखे इथेच चुकतात. आनंदाच्या भरात स्वतःची चिप उचलायला गेलेला हात आणि निकाल पाहून हळूच चिप सरकवणाऱ्या लबाडाचा हात, वरून पाहताना सारखेच दिसतात. डीलर टोकतो तेव्हा तो अपमान करत नसतो. तो सगळ्यांसाठी एकच नियम राखत असतो.

हा सगळा हिशेब इतका उघडा आणि काटेकोर असतो की साहजिकच वाटते, लबाडी नाही तर आपल्यालाही बरोबरीची संधी आहे. माझा आक्षेप नेमका इथे आहे. टेबलाची रीत खेळणाऱ्यांचे एकमेकांपासून आणि डीलरच्या चुकीपासून रक्षण करते. चाकाच्या गणितापासून नाही. चाकावर 1 ते 36 आकडे आणि एक हिरवे शून्य, असे 37 खण असतात. एका आकड्यावर लावून जिंकलात तर चिप परत आणि वर 35, म्हणजे एकूण 36 चिप्स. सदतीसच्या सदतीस खणांवर शंभर-शंभर रुपये लावले तर 3,700 लागतात आणि 3,600 परत येतात. उरलेले शंभर ही जुगाराच्या अड्ड्यातली ‘नाल’. प्रत्येक डावातून अड्डेवाला आपला वाटा काढतो, त्याला पत्ते खेळणारे नाल म्हणतात. फरक एवढाच, की अड्ड्यावर ती सगळ्यांसमोर बाजूला काढली जाते आणि रुलेटमध्ये ती चाकातच बसवलेली असते. दोन आकड्यांमधल्या रेषेवर चिप ठेवली तर 17 पट, चार आकड्यांच्या चौकात ठेवली तर 8 पट, बाराच्या गटावर दुप्पट, लाल-काळ्यावर किंवा सम-विषमावर एकास एक. एका शून्याच्या चाकावर यातला कुठलाही मार्ग धरा, वाटा 2.70 टक्केच जातो. लाल-काळे ‘सुरक्षित’ वाटते कारण ते वरचेवर लागते. पण शून्य आले की लाल आणि काळे दोन्ही जातात. दोन शून्यांच्या चाकावर चुकते करण्याचे दर तेच राहतात आणि वाटा 5.26 टक्के होतो. म्हणून बसण्याआधी हिरवे खण मोजावेत. बाकी कुठल्याही युक्तीपेक्षा याचा उपयोग जास्त. सराफाचा काटा चोख असला तरी दागिन्याची मजुरी लागतेच, हे जळगावच्या गिऱ्हाइकाला वेगळे सांगायला नको.

यावर एक आक्षेप येईल आणि तो कापसाच्या खानदेशातून येणे साहजिक आहे. मटक्याचा जन्म कापसाच्या भावातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागत. पुढे 1960च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी चिठ्ठ्या व पत्त्यांमधून आकडे काढून तो धंदा वाढवला. मटक्याच्या एकेरी आकड्यात दहा शक्यता आणि मोबदला साधारण नऊपट, म्हणजे शंभरातले दहा रुपये गेलेच. त्यापुढे पावणेतीन टक्के म्हणजे काहीच नाही, रुलेट तर स्वस्त पडते! टक्क्याचा हिशेब बरोबर आहे, पण त्यातून निघालेला निष्कर्ष चुकीचा. मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा फुटतो. ओपन आणि क्लोजवर पाचशे-पाचशे लावणाऱ्याचे सरासरीने दिवसाला शंभर रुपये जातात. रुलेटचे चाक तासाला चाळीस वेळा फिरले असे धरा. दर वेळी पाचशे लावणारा तीन तासांत साठ हजारांची उलाढाल करतो आणि त्याचे सरासरीने सोळाशे रुपये जातात. टक्का कमी, पण वेग एवढा की त्याची कसर भरून निघते. आणि सरासरी ही सरासरीच; एखादा त्या रात्री वीस हजार जिंकून उठेल, एखादा तेवढेच घालवून. बोट चालते ती या दोघांच्या बेरजेवर.

दुसरा आक्षेप दुप्पट करणाऱ्यांचा. काळ्यावर पाचशे लावा, हरलात तर हजार, मग दोन हजार. कधीतरी काळे येईलच आणि सगळे वसूल होऊन पाचशे वर राहतील. ‘कधीतरी’ या शब्दाची किंमत मोजून पाहावी. लागोपाठ आठ वेळा हरलात तर 1,27,500 रुपये गेलेले असतात आणि नवव्यांदा 1,28,000 लावायचे असतात, तेही पाचशे कमावण्यासाठी. अशी आठ हारांची माळ सरासरीने दोनशे सात प्रयत्नांत एकदा लागते, आणि पटावर तर जास्तीत जास्त किती लावता येईल याची मर्यादा लिहिलेलीच असते. 18 ऑगस्ट 1913 रोजी माँटे कार्लोत लागोपाठ 26 वेळा काळे आले. ‘आता लाल यायलाच हवे’ म्हणत लोक लालवर लावत राहिले आणि बुडाले. आधी काय आले हे चाकाला आठवत नसते.

टेबलाबाहेरचा हिशेब तर आणखी जड आहे. कॅसिनोत विकत घेतलेल्या चिप्सच्या किमतीवर 1 ऑक्टोबर 2023पासून 28 टक्के आणि 22 सप्टेंबर 2025पासून 40 टक्के जीएसटी आहे. तो दर कुठल्याही रूपात लावलेला असो, शेवटी निघतो गिऱ्हाइकाच्याच खिशातून. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आणि हरलेले त्यातून वजा करता येत नाही. शून्याच्या पावणेतीन टक्क्यांपुढे सरकारचा वाटा केवढा, हे पाहिले की ‘कमावून येऊ’ हा शब्दच पोकळ वाटू लागतो. गोवा सरकारचा हिशेबही तिथल्या कायद्यांत वाचता येतो. 1976च्या जुगार कायद्यात 1992 साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट मिळाली, 1996 साली बोटींवर टेबलांच्या खेळांना, आणि 1 फेब्रुवारी 2020पासून गोव्याच्या रहिवाशांनाच कॅसिनोत खेळायला बंदी आली. म्हणजे मांडवीतल्या बोटी आहेत त्या बाहेरच्यांसाठी. महाराष्ट्रानेही 1976 साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही आणि 2023 साली तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

मग जुगाराची रीत शिकवायचीच कशाला, असे कुणी विचारेल. बोटीवर जाणारे जाणारच आहेत, आणि रीत माहीत नसलेला माणूस बुजून जास्त लावतो. ज्याला ती माहीत आहे त्याला हेही कळते की प्रत्येक फेरीला लावलेच पाहिजे असा तिथे नियम नाही. दर चौथ्या फेरीलाच लावून मधल्या तीन फेऱ्या नुसते पाहत बसलात तर पावणेतीन टक्के तेच राहतात, पण तीन तासांतली साठ हजारांची उलाढाल पंधरा हजारांवर येते. वेगावर खेळणाऱ्याचा ताबा चालतो तो एवढाच. त्या रात्रीचा खर्च बोटीवर चढण्याआधी ठरवावा, जसा जेवणाचा आणि राहण्याचा ठरवतो. आणि उठताना उरलेल्या रंगीत चिप्स डीलरकडे सरकवून रोखीच्या चिप्स मागून घ्याव्यात, कारण तो रंग शेजारच्या टेबलावरसुद्धा चालत नाही.