बाबांना स्कीइंगला नेताय? आधी बर्फ, उंची आणि बाइंडिंगचा तो आकडा बघा

अमरावतीच्या माणसाने स्कीइंगवर लिहावं म्हणजे जरा गंमतच आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो, थंड हवेचं ठिकाण म्हणजे चिखलदरा, आणि बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा. पण मागच्या फेब्रुवारीत मी बाबांना घेऊन गुलमर्गला गेलो होतो आणि परत येताना बाबा व्हीलचेअरवर होते. म्हणून हा लेख.

बाबांचं वय ५८. तरुणपणी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर मल्लखांब केलेला माणूस. (हेच ते मंडळ, ज्याच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायामप्रकार दाखवले होते.) त्यामुळे "बाबा, जपून" असं म्हणायची सोयच नाही. तिसऱ्या दिवशी, सगळ्यात सोप्या उतारावर, जवळजवळ थांबलेले असताना ते कडेला कलंडले. पायातली स्की सुटायला हवी होती, ती सुटली नाही. पाय अडकला, शरीर वळलं, गुडघा पिळला. "अबे, काई नाई झालं मले," म्हणत उठले खरे, पण रात्रीपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता. अमरावतीला येऊन एमआरआय केला. लिगामेंट ताणलं होतं, तुटलं नव्हतं. सहा आठवडे पट्टा.

त्या सहा आठवड्यांत मी जे वाचलं ते आधी वाचायला हवं होतं. आपण फोन घेताना प्रोसेसरपर्यंत सगळं बघतो, पण भाड्याच्या दुकानात समोरचा जे देईल ते पायात घालतो.

तर, बाइंडिंग. स्की आणि बूट यांना जोडणारा हा भाग म्हणजे खरं तर एक स्प्रिंगचं कुलूप. ठरावीक जोर पडला की ते उघडतं आणि बूट मोकळा होतो. किती जोराला उघडायचं, ते एका छोट्या खिडकीतल्या आकड्यावर ठरतं. त्याला डिन सेटिंग म्हणतात. हा आकडा अंदाजाने ठेवायचा नसतो, त्यासाठी आयएसओ ११०८८ नावाचं मानक आणि एक तक्ता आहे. तक्त्यात पाच गोष्टी लागतात: वजन, उंची, बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधली लांबी, स्की करण्याची पद्धत (सावकाश, मध्यम, जोरात) आणि वय.

वय का? कारण तक्त्याचा नियमच आहे की ५० किंवा त्याहून जास्त वय असेल तर एक ओळ खाली यायचं, म्हणजे कुलूप थोडं लवकर उघडेल असं ठेवायचं. वजन आणि उंची वेगवेगळ्या ओळीत पडत असतील तर त्यातली हलकी ओळ धरायची. बाबांचं उदाहरण घ्या. वजन ७२ किलो, म्हणजे ६७ ते ७८ किलोची ओळ. उंची १६४ सेंटिमीटर, म्हणजे १५८ ते १६६ ची, आधीच्यापेक्षा एक हलकी ओळ. हलकी धरायची म्हणून १५८ ते १६६ ची. शिकाऊ असल्याने वर काही वाढवायचं नाही. वय ५८, म्हणून आणखी एक ओळ हलकी. नुसत्या वजनावर आकडा लावला तर दोन ओळींचा फरक पडतो.

आमच्या दुकानदाराने फक्त वजन विचारलं होतं. खरं सांगायचं तर त्याने आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडाही बदलला असेल की नाही, शंका आहे. तरीही, आकडा बरोबर असता तर स्की सुटलीच असती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. सावकाश पिळल्यासारख्या पडण्यात चांगलं बाइंडिंगही कधी कधी उघडत नाही, आणि ही यंत्रणा मुळात नडगीचं हाड वाचवायला बनलेली आहे. गुडघ्याची हमी ती देत नाही. पण पाचपैकी चार गोष्टी न विचारता स्की हातात मिळाली, हे मला तिथे उभं असताना कळायला हवं होतं. आकडा स्वतः फिरवत बसू नका, ते शिकलेल्या माणसाचं काम आहे. फक्त "वय धरलं का?" एवढं विचारा. उत्तर देताना तो गडबडला तर शेजारचं दुकान बघा.

आता जागेबद्दल. आपल्याकडे पर्याय मोजकेच: गुलमर्ग, औली, मनालीजवळचं सोलंग, थोडंफार नारकंडा. इंस्टाग्रामवर सगळीकडे सारखाच पांढराशुभ्र बर्फ दिसतो, आणि घोळ तिथेच होतो. २०२५ साली गुलमर्गचे खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. जिथे राष्ट्रीय स्पर्धा अडते तिथे आपलं नॉन-रिफंडेबल हॉटेल काय टिकणार?

यासाठी माझा आवडता उपाय म्हणजे उपग्रह. युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ पासून फोटो काढतोय आणि ते कोपर्निकस ब्राउझर या साइटवर फुकट बघता येतात. गुलमर्ग शोधा, तुम्ही जाणार त्या आठवड्याची तारीख टाका आणि मागची पाच-सहा वर्षं एकेक करून बघा. फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, त्यामुळे उतारावर बर्फ आहे की माती, सरळ दिसतं. ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे दिसून फसगत होते, तेव्हा एसडब्ल्यूआयआर नावाचा लेअर लावा. बर्फ इन्फ्रारेडचा तो भाग शोषून घेतो, म्हणून तो निळा दिसतो आणि ढग पांढुरके राहतात. मोबाइलवर ही साइट जरा चिडचिड करवते, लॅपटॉप असेल तर बरं.

हवामानाच्या ॲपवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. युरोपियन मॉडेल ईसीएमडब्ल्यूएफ जगाचे साधारण ९ किलोमीटरचे चौकोन पाडतं. एवढ्या एका चौकोनात गुलमर्गचं २,६५० मीटरवरचं मैदानही बसतं आणि गंडोला जिथे संपतो ती सुमारे ३,९५० मीटरवरची अफरवतची धारही. दर किलोमीटरला साडेसहा अंशाने तापमान उतरतं असं धरलं तर दोन्हीत आठ अंशांचा फरक. वर बर्फ, खाली पाऊस, आणि ॲपमध्ये एकच आयकॉन.

वय झालेल्या माणसासाठी मी आता आणखी एक गोष्ट बघतो, ती म्हणजे हाडांच्या दवाखान्याचं अंतर, तेही किलोमीटरमध्ये नाही, तासांत. गुलमर्गहून श्रीनगर ५० किलोमीटर. बर्फ पडला की तंगमर्गच्या घाटात चाकांना साखळ्या लावून उतरावं लागतं, तरी त्याच दिवशी पोचता येतं. औलीचा उतार मला जास्त आवडतो, पण तिथून ऋषिकेश म्हणजे घाटातून अडीचशे किलोमीटर. आणि जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचल्यावर तिथला रोपवे बंद करावा लागला, हेही विसरू नका. पंचविशीत मी औली निवडली असती. बाबांसोबत नाही.

गुलमर्गलाही गंडोलाचा दुसरा टप्पा फक्त बघायला जा. वरचे उतार तयार केलेले नसतात, हिमस्खलनाचा धोका असतो; फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतवर दोन पोलिश स्कीपटू त्यातच गेले. शिकणाऱ्याने खालचं मैदान सोडायचं नाही, मग तो मल्लखांबपटू का असेना.

उंचीचं काय? हवेत ऑक्सिजन सगळीकडे २१ टक्केच, पण दाब कमी झाला की प्रत्येक श्वासात तो कमी येतो. तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर असेल (स्वस्त फोनमध्ये बहुतेक नसतो) तर फायफॉक्स हे फुकट ॲप टाकून हे स्वतः बघा. अमरावतीत साधारण ९७० हेक्टोपास्कल दिसेल, चिखलदऱ्याला ८८५ च्या आसपास, गुलमर्गला ७३०, अफरवतच्या माथ्यावर ६२०. म्हणजे गुलमर्गला उतरल्या उतरल्या समुद्रसपाटीच्या तुलनेत पाऊण ऑक्सिजनही मिळत नाही. त्यात वयानुसार दर दशकात शरीराची ऑक्सिजन वापरायची क्षमता साधारण १० टक्क्यांनी घटते. आम्ही पहिल्याच दुपारी स्की भाड्याने घेतल्या होत्या. मूर्खपणा. पहिला दिवस नुसतं फिरायचं, कहवा प्यायचा, झोपायचं.

स्मार्टवॉचवर इथे फार विसंबू नका. ते हिरव्या उजेडाने कातडीखालचा रक्तप्रवाह मोजतं, आणि थंडीत मनगटाच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आकडे उड्या मारतात. शिवाय घड्याळातले हृदयगतीचे झोन बहुधा "२२० वजा वय" अशा सूत्रावर बेतलेले असतात. घरच्या मोठ्या माणसाला बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर गोळीमुळे ठोके मुळातच कमी राहतात. घड्याळ "आरामात चाललंय" म्हणेल आणि माणूस धापा टाकत असेल. जायच्या आधी डॉक्टरांना विचाराच. उतारावर साधी कसोटी: एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. आमच्या बाबतीत ते वाक्य बहुतेक वेळा शिवीने सुरू होतं, पण पूर्ण होतं.

फोनची स्वतःची तयारी थोडक्यात. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. निदान एकाकडे तरी हवं. सिम बंद तर यूपीआयही बंद, म्हणून रोख ठेवा. लिथियम बॅटरी शून्याखाली सुस्तावते, ४० टक्क्यांवरून फोन धाडकन बंद पडतो. तो आतल्या खिशात ठेवा. नकाशा ऑफलाइन उतरवा. विम्याच्या पीडीएफमध्ये "ॲडव्हेंचर स्पोर्ट्स" शोधून नेमकं काय वगळलंय ते वाचा. आणि गार्मिन इनरीचसारखं सॅटेलाइट उपकरण कोणाकडून उसनं आणू नका, भारतात ते परवानगीशिवाय बाळगल्याने लोकांना अटक झाली आहे.

बाबा परत जाणार आहेत. जपानचे केइझो मिउरा २००३ साली, वयाच्या ९९ व्या वर्षी, माँ ब्लाँवर स्की करून उतरले होते, हे मीच त्यांना सांगितलं आणि आता पस्तावतोय. "मंग मी तर पोट्टाच आहो," असं उत्तर आलं. फिजिओच्या परवानगीने रोज भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, एका पायावर उभं राहणं आणि जिने उतरणं चालू आहे; चढण्यापेक्षा उतरताना मांडीचे स्नायू स्कीइंगसारखे ताणले जातात म्हणून. या वेळी अटी मी घातल्यात. सकाळचे दोन तास, दर अर्ध्या तासाला थांबायचं, स्की छोटी आणि मऊ घ्यायची. "शेवटची एक फेरी" हा शब्दप्रयोग बंद, कारण थकलेल्या पायांनी तीच फेरी अंगावर येते.

त्यांनी त्यांची एकच अट घातली. दुकानात वजन, उंची, वय लिहिलेला कागद ते स्वतः देणार. काल फ्रिजवर चिकटवलेला बघितला. उंची १६८ लिहिलीय. खोडून १६४ केली.