शेताचा बांध : दोन गुंठ्यांचा हिशेब

जमिनीच्या वाटण्या होत गेल्या तसतसा आपला बांधही अरुंद होत गेला. पूर्वी ज्या बांधावरून बैलजोडी जात असे, तेथे आज माणसाला धड चालता येत नाही. नांगरटीच्या वेळी वीतभर बांध अलीकडून कोरला जातो, तेवढाच पलीकडून. ट्रॅक्टर आल्यापासून तर हे काम फारच सोपे झाले! त्यातून होणारी भांडणे व कोर्टकचेरी सर्वांच्या परिचयाची आहे. येथे विचार करावयाचा आहे तो निराळ्या नुकसानीचा.

प्रथम जमिनीचा हिशेब पाहू. एक हेक्टरच्या चौरस शेताचा घेर ४०० मीटर होतो. भोवती एक मीटर रुंद बांध ठेवला तर सुमारे ४०० चौरस मीटर जमीन अडकते. बांध सामाईक असल्याने आपल्या वाट्याची जाते त्याच्या निम्मी, म्हणजे साधारण दोन गुंठे.

या दोन गुंठ्यांच्या बदल्यात उताराचे धावते पाणी थबकते, मुरते आणि गाळ शेतातच बसतो. बांध खचला की तेच पाणी ओघळ पाडते. सर्वात आधी वाहून जाते ती वरच्या थरातील बारीक, कसदार माती. आपण विकत आणून घातलेले खत तिच्यातच असते.

हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी पक्षिथांबे उभारा, अशी शिफारस आम्ही करतो व ती योग्यच आहे. पण बांधावरची बाभूळ हा आयताच पक्षिथांबा होता. कोतवाल, साळुंकी हे पक्षी तेथून उतरून अळ्या टिपत. ती तोडून आता आपण काठ्या रोवतो. जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळा राहतो. त्याला अशुभ मानण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात तो रात्रभर किडे व उंदीर मारतो. कडुनिंबाचेही तेच. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी पावडर पुरते. बांधावर निंब असेल तर ती विकत कशाला आणावी?

झाडाच्या सावलीने व मुळांनी लगतच्या चार-दोन ओळी दबतात, ही तक्रार खरी आहे. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिण बांधावरील झाडाची सावली आपल्याच पिकावर पडते. अशा झाडाच्या खालच्या फांद्या पेरणीपूर्वी छाटाव्यात. बुंधा तोडण्याचे कारण नाही.

बांधावरचे सगळेच राखावे असेही नाही. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटावे. कपाशीजवळील बांधावर पेठारी, रानभेंडी ठेवू नये, कारण त्यांवर पिठ्या ढेकूण आसरा घेतो. मात्र त्यासाठी संपूर्ण बांधावर तणनाशक मारून तो उघडा करण्याची जी पद्धत पडली आहे, ती घातक आहे. गवताच्या मुळ्या मेल्या की माती सुटते आणि पहिल्या मोठ्या पावसात बांध ढासळतो.

उघड्या बांधावर पावसाळ्याच्या सुरुवातीस, जमीन चांगली भिजल्यावर, मारवेल गवताचे ठोंब लावावेत. पहिल्या वर्षी जनावरे सोडू नयेत. पुढे कापून चारा घ्यावा. तत्पूर्वी शेजाऱ्याला बोलावून हद्दीच्या खुणा दोघांनी मिळून पाहाव्यात. खुणांबद्दल वाद असेल तर मोजणी करून घ्यावी आणि मगच ठोंब लावावेत.