स्फुरदाची ने-आण

जालना एमआयडीसीत फॉस्फरसचं, म्हणजेच स्फुरदाचं, कुणाला वावडं आहे, तर कुणाचं त्यावाचून चालत नाही. भंगार वितळवून सळई करणाऱ्या कारखान्यांना तो नको. पोलादात त्याचं प्रमाण वाढलं की सळई ठिसूळ होते, आणि इंडक्शन भट्टीत तो सहजासहजी काढताही येत नाही. बियाण्याच्या धंद्यात मात्र तोच भांडवल, कारण उगवत्या रोपाचे पहिले दिवस दाण्यात साठलेल्या स्फुरदावरच निघतात. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि जालना बियाण्याचं गाव झालं. या बियाण्यांतून फुटणाऱ्या प्रत्येक मुळात एक यंत्र कामाला लागतं: फॉस्फेट वाहून नेणारं प्रथिन.

त्याचं काम सोपं नाही. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत डीएपी खत पेरलं, तरी त्यातलं बरंच फॉस्फेट कॅल्शियमशी जखडून बसतं. मुळाभोवतीच्या ओलाव्यात ते नाममात्र, पेशीत मात्र कितीतरी पट जास्त. शिवाय फॉस्फेट ऋणभारित आणि पेशीपटलाची आतली बाजूही ऋणभारित. म्हणजे दोन्ही अंगांनी चढण. म्हणून पेशी आधी एटीपी हे आपलं ऊर्जेचं चलन खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलते. ते परत आत येऊ पाहतात तेव्हा वाहक त्यांच्या ओढीवर फॉस्फेट आत घेतो. एटीपीत स्वतः फॉस्फेट असतंच; स्फुरद मिळवायला स्फुरदाचंच चलन लागतं.

या यंत्राची अणूंपर्यंतची रचना 2013 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मांडली. त्यासाठी वापरलेला वाहक होता राजस्थानच्या थर वाळवंटात सापडलेल्या पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका या बुरशीचा. पेशीपटलातून आरपार जाणारे त्याचे बारा पीळ मधल्या फॉस्फेटला वेढून असतात. दार एका वेळी एकाच बाजूनं उघडतं.

बिघाड मात्र अनेक ठिकाणी होतो. पीएचएफ1 हे सहायक प्रथिन नसेल, तर तयार झालेला वाहक पेशीपटलापर्यंत पोचतच नाही. फॉस्फेट मुळातून वर पाठवणारा पीएचओ1 बिघडला, तर मुळात फॉस्फेट असूनही पाला उपाशी राहतो. पीएचओ2 हे वाहकांना आवर घालणारं प्रथिन. ते निकामी झालं, तर पानांत स्फुरद इतकं साचतं की कडा करपतात. आर्सेनेटही फॉस्फेटसारखंच दिसत असल्यानं याच दारानं आत शिरतं.

माणसाच्या शरीरातही असे वाहक आहेत, पण त्यातल्या बऱ्याच जणांना प्रोटॉनऐवजी सोडियमची ओढ लागते. मूत्रपिंडातला एसएलसी34ए3 बिघडला की फॉस्फेट लघवीवाटे निघून जातं आणि मुडदूस होतो. एसएलसी20ए2 मधल्या दोषानं मेंदूत कॅल्शियमचे थर साचतात, हे 2012 साली उघड झालं. पेशीतून फॉस्फेट बाहेर सोडणाऱ्या एक्सपीआर1 च्या बिघाडानंही तोच आजार होतो. तेव्हा आत घेण्याइतकंच बाहेर सोडणंही मोलाचं.

बियाणेवाल्यांच्या दृष्टीनं सर्वांत बोलकी गोष्ट भाताची. त्याच्या पेरांत बसून फॉस्फेट दाण्याकडे वळवणारा एसपीडीटी हा वाहक जपानी संशोधकांनी 2017 साली दाखवला. तो बंद केल्यावर तांदळातलं स्फुरद 20 ते 30 टक्क्यांनी घटलं. उत्पादन, उगवण आणि रोपांचा जोम मात्र कायम राहिला. दाण्याबरोबर शेताबाहेर जाणारं स्फुरद असं वाचलं, तर जमिनीला भरपाईही कमी लागेल. खताचा हिशेब आजवर एकरी गोण्यांत झाला. वाण घडवणाऱ्यांना तो आता पेशीपटलाच्या पातळीवर मांडावा लागेल.