मंडूर : लोहाराच्या भट्टीतलं औषध

लोहाराच्या भट्टीशेजारी साचणारं काळं, भोकाभोकांचं लोहकीट कुणी उचलून घरी नेत नाही. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात मात्र त्याला मंडूर म्हणतात, आणि त्याला वयाचा मान आहे. शंभर वर्षांचं मंडूर उत्तम, ऐंशीचं मध्यम, साठचं कनिष्ठ. त्याहून कोवळं वर्ज्य. आज बाजारातल्या डबीतलं कीट किती वर्षांचं, हे विचारायचं धाडस मात्र कुणी करत नाही.

भस्माचं काम घाम काढणारं. कीट लालबुंद तापवून गोमूत्रात विझवायचं, असं सात वेळा. ते ठिसूळ झालं की कुटायचं, वस्त्रगाळ करायचं, त्रिफळ्याच्या काढ्यात खलायचं. चकत्या वाळवून मातीच्या दोन परळांत बंद करायच्या, कापडमातीने सांधा लिंपायचा आणि गोवऱ्यांच्या खड्ड्यात पुट द्यायचं, म्हणजे भाजायचं. पुटं किती, ते भस्मच सांगतं : चिमूट चोळली की बोटांच्या रेषांत शिरली पाहिजे, पाण्यावर टाकली की तरंगली पाहिजे. कसोटी देखणी आहे, पण ती बारीकपणाची. भस्मात शिसं मिसळलं आहे का, हे तरंगण्यावरून कळत नाही; त्याला प्रयोगशाळाच हवी.

पांडू (अंगातलं रक्त कमी होणं) आणि कावीळ हे मंडुराचं जुनं क्षेत्र. चरकसंहितेच्या पांडुरोगचिकित्सेत पुनर्नवा मंडूर आहे. औषधांनीच दुखावलेलं यकृत ही नंतरची कहाणी. क्षयाच्या आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड या तिन्ही गोळ्या यकृताला इजा करू शकतात. पॅरासिटामॉल अति झालं तर यकृतातलं ग्लुटाथायोन संपतं. ते भरून काढणारा ॲसिटिलसिस्टीन हा उतारा दवाखान्यात मिळतो, आणि तो जितक्या लवकर तितका बरा.

मंडुराची परीक्षा कोल्हापुरात झाली. शिवाजी विद्यापीठातल्या संशोधकांचा निबंध १९८६ साली प्रसिद्ध झाला. कार्बन टेट्राक्लोराइडने उंदरांच्या यकृतातल्या मेद फोडणाऱ्या विकरांत झालेले बदल मंडूर भस्माने आटोक्यात आले, असं त्यांना दिसलं. काम मोलाचं, पण कार्बन टेट्राक्लोराइड हे द्रावक, क्षयाची गोळी नव्हे, आणि उंदीर म्हणजे रुग्ण नव्हे. शिवाय मंडूर म्हणजे लोहच, आणि शरीरात लोह साठलं तर यकृतच बिघडतं. तेव्हा ‘यकृताचं कवच’ म्हणून ते गोळ्यांसोबत आपल्या मनाने घेणं मला पटत नाही.

क्षयाच्या गोळ्या चालू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. भस्म घेत असाल तर डबीही सोबत न्या.